नवा संगणक घेतला, आता जुन्यावरची लायसन्सं कशी हलवायची?

निळी_शाई
नमस्कार मंडळी. मी घरून भाषांतराचं आणि पुस्तकांच्या पानमांडणीचं काम करते. माझा डेस्कटॉप नऊ वर्षं जुना आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या यंत्रात टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, म्हणजे विंडोज ११ त्यावर रीतसर चढणार नाही. म्हणून लॅपटॉप घेतला. तो चार दिवसांपासून टेबलावर आहे आणि मी अजून जुन्यावरच काम करतेय, कारण हात लावायची भीती वाटते.

जुन्या यंत्रावर काय काय आहे ते सांगते. विंडोज १० प्रो, त्याची की, म्हणजे लायसन्सचा क्रमांक, मी वेगळी विकत घेतली होती, खोकं अजून कपाटात आहे. ऑफिस २०२१, एकदाच पैसे भरायचं तसलं. पानमांडणीचा एक प्रोग्राम, जुनी आवृत्ती, सीरियल नंबरवर चालणारा. भाषांतराचं सॉफ्टवेअर, ज्यात माझी अकरा वर्षांची वाक्यं साठलेली आहेत. सीडीवरून घातलेला एक शब्दकोश. आणि चौदा विकतचे फॉन्ट.

एका ओळखीच्यांनी सांगितलं, प्रोग्राम फाइल्सचं फोल्डर कॉपी करून टाक, झालं काम. मला ते पटलं नाही. हे सगळं पुन्हा विकत न घेता, नियमात राहून नव्यावर न्यायचं असेल तर सुरुवात कुठून करू? जुना डेस्कटॉप नंतर भाच्याला द्यायचा आहे. त्याला देताना त्यावरचं काय ठेवता येतं?

शंकासुर
सोपं आहे की. जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा, नव्यावर टाका. सगळं जसंच्या तसं येतं, लायसन्ससकट.

जुना_कीबोर्ड
ताई, थांबा. क्लोन करू नका आणि जुनं यंत्र फॉरमॅट तर अजिबात करू नका. मी बावीस वर्षं कार्यालयांतले संगणक सांभाळले. लायसन्स हलवताना लोक फसतात ते जुन्या यंत्रावर. घाईघाईत ते पुसतात, आणि मग कळतं की लायसन्स सोडवायचं राहून गेलं.

क्लोननं फाइली येतात. लायसन्स नुसत्या फाइलीत नसतं. तुम्ही की टाकून प्रोग्राम अ‍ॅक्टिव्हेट करता तेव्हा तो यंत्राची ओळख काढतो. मदरबोर्ड, नेटवर्क कार्ड, डिस्क अशा भागांवरून एक आकडा तयार होतो आणि तो की-सोबत कंपनीच्या सर्व्हरवर नोंदला जातो. नव्या यंत्रावर तीच फाइल गेली तरी आकडा वेगळा येतो, आणि प्रोग्राम म्हणतो हे माझं यंत्र नाही.

म्हणून प्रत्येक प्रोग्रामबद्दल आधी एवढंच शोधा: त्याचं लायसन्स कशाला बांधलेलं आहे? यंत्राला, तुमच्या खात्याला, की एखाद्या डोंगलला, म्हणजे संगणकाला लावायच्या छोट्या किल्लीवजा उपकरणाला? खात्याला असेल तर काम दहा मिनिटांचं. यंत्राला असेल तर ते जुन्यावरून सोडवायला लागतं, आणि त्यासाठी जुनं यंत्र चालू असणं बरं.

आणि एक प्रश्न. नव्या लॅपटॉपवर विंडोज आलेलंच असेल ना?

निळी_शाई
हो, विंडोज ११ होम आहे, चालू केल्यावर लगेच अ‍ॅक्टिव्ह दिसलं.

जुना_कीबोर्ड
मग विंडोज हलवायची गरजच नाही. लॅपटॉपसोबत आलेलं ते ओईएम लायसन्स, म्हणजे यंत्र बनवणाऱ्याने घालून दिलेलं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, त्याची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच कोरलेली असते. ते त्या यंत्रासोबत जन्मतं आणि त्याच्यासोबतच संपतं. तुमची खोक्यातली की रिटेल, म्हणजे सुटी विकलेली, असेल तर ती मोकळी राहील. ती ठेवा, कामाला येईल.

शंकासुर
पण मी मागच्या वर्षी डिस्क बदलली होती, क्लोनच केलं होतं, आणि विंडोज न कुरकुरता चाललं. ते कसं?

जुना_कीबोर्ड
मदरबोर्ड तोच होता म्हणून. डिस्क बदलणं म्हणजे घर तेच, कपाट नवीन. ताईंचं घरच बदलतंय.

हिशोबनीस
वरचं "फॉरमॅट करू नका" मोठ्या अक्षरात लिहायला हवं. आमच्याकडे हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे, एका लायसन्सवर एक यंत्र. नव्या यंत्रावर जाताना जुन्यावर आधी "सरेंडर" करायचं असतं, म्हणजे लायसन्स कंपनीकडे परत जातं आणि मग नव्यावर उचलायचं. माझ्या सहकाऱ्यानं उत्साहात जुनं यंत्र आदल्या संध्याकाळी साफ केलं. सकाळी नव्यावर सीरियल टाकला, तर "हे लायसन्स आधीच वापरात आहे". महिन्याची अखेर, पगार काढायचे.

कंपनीला मेल केला. त्यांनी खरेदीची पावती मागितली आणि नोंदणीच्या ईमेलवरून खात्री करायला सांगितली. नोंदणी ज्या ईमेलवर होती तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा. लायसन्स सुटायला सहा दिवस लागले, आणि ते सहा दिवस मी वहीत हाताने नोंदी केल्या. तेव्हापासून प्रत्येक लायसन्सची पावती, सीरियल आणि नोंदणीचा ईमेल एका कागदावर लिहून फाइलीत लावलेला असतो. नीलाताई, तुम्ही आज रात्री बाकी काही करू नका, एवढा कागद तयार करा.

निळी_शाई
नीलाताई नाव आवडलं. कागद करायला घेतला. भाषांतराच्या सॉफ्टवेअरची पावती सापडली, पानमांडणीच्या प्रोग्रामचा सीरियल सापडला. शब्दकोशाच्या सीडीच्या डबीवर नंबर आहे, पण अर्धा पुसट झालाय.

मध्यरात्र
की शोधून देणारी छोटी सॉफ्टवेअरं मिळतात, ती वापरून विंडोजची की काढता येते. मी तशी काढून डायरीत लिहून ठेवली आहे. शेवटची पाच अक्षरं ३व्ही६६टी.

आडवाटसरू
मध्यरात्र, माझ्या यंत्रावरही ३व्ही६६टी च आहे! हे कसं शक्य आहे?

मध्यरात्र
काय सांगता? म्हणजे कुणीतरी माझी की वापरतंय?

जुना_कीबोर्ड
कुणी कुणाची वापरत नाहीये. ती की तुमची कुणाचीच नाही. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स असलेल्या प्रो आवृत्तीवर ही सर्वसामान्य की बसते, लाखो यंत्रांवर हीच. होम आवृत्तीची अशी की ८एचव्हीएक्स७ वर संपते. तिने विंडोज चढतं, पण नव्या यंत्रावर अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. खरा हक्क मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुमच्या मदरबोर्डच्या नावाने नोंदलेला असतो.

डायरीतली की खोडा आणि त्याऐवजी यंत्र तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलंय का ते बघा. ही सोय २०१६ च्या ऑगस्टमधल्या अपडेटपासून आहे. मदरबोर्ड बदलावा लागला तर अ‍ॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये "या यंत्राचं हार्डवेअर नुकतंच बदललं" हा पर्याय मिळतो.

आपलं लायसन्स कोणत्या प्रकारचं हे बघायचं असेल तर अ‍ॅडमिनच्या कमांड खिडकीत एसएलएमजीआर, मग जागा सोडून स्लॅश डीएलव्ही. चौकट येते, त्यात रिटेल, ओईएम की व्हॉल्यूम (संस्थेला एकगठ्ठा दिलेलं) ते लिहिलेलं असतं.

रुजवात
एक दुरुस्ती सुचवते. त्या चौकटीत रिटेल दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नये. ज्यांचं ७ किंवा ८ वरून १० फुकट अपग्रेड झालं, त्यांनाही तिथे रिटेल दिसतं, पण मूळ लायसन्स ओईएम असेल तर ते दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही. चौकटीपेक्षा मूळ खोकं किंवा पावती खरी. शिवाय ७ आणि ८ च्या जुन्या की वापरून नवं विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

जुना_कीबोर्ड
बरोबर. हे मी सांगायला हवं होतं. आभार.

झुळूक
वाचतेय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कागदी_होडी
अगदी कमी किमतीत जालावर की विकतात, त्यांचं काय? मी अशी घेतलेली, दोन वर्षं चालली, आता नव्या यंत्रावर घेतच नाही.

जुना_कीबोर्ड
अशा की बहुतेकदा एखाद्या संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्समधून बाहेर पडलेल्या असतात. त्या संस्थेसाठी दिलेल्या, सुट्या विकायच्या नसतात. अ‍ॅक्टिव्हेशनची संख्या भरली की बंद. केएमएस पद्धतीत तर दर १८० दिवसांच्या आत संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क व्हावा लागतो, नाहीतर अ‍ॅक्टिव्हेशन उतरतं. तुमचे पैसे गेले याचं वाईट वाटतं, पण ती की हलवता येणार नाही, कारण ती तुमची झालीच नव्हती.

स्वरसाधक
संगीताच्या क्षेत्रात हा जांगडगुत्ता फार जुना आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमच्याकडे बरीच लायसन्सं आयलॉक या लायसन्स सांभाळणाऱ्या सेवेवर असतात. लायसन्स तुमच्या खात्यात राहतं आणि तिथून तुम्ही ते संगणकावर किंवा यूएसबीवरच्या छोट्या डोंगलवर ठेवता. मॅनेजर उघडला की डावीकडे यंत्रं, उजवीकडे लायसन्सं, उचलून इकडून तिकडे ठेवायची. मला हीच पद्धत सगळ्यात आवडते, कारण लायसन्स या घडीला कुठे बसलंय ते डोळ्यांना दिसतं. डोंगलवर ठेवलेलं असेल तर संगणक बदलताना काहीच करायचं नाही, डोंगल काढा, नव्याला लावा. संगणकावर ठेवलेलं असेल आणि तो संगणक अचानक गेला, तर मात्र ते त्याच्यासोबत अडकतं आणि प्लगइन बनवणाऱ्यांच्या दारात जावं लागतं.

डोंगललाही जिवाची भीती असतेच. माझा एकदा लॅपटॉपला लावलेला राहिला आणि लॅपटॉप तसाच पिशवीत सरकवला. धातूचं तोंड वाकलं, आत हिरवी पट्टी दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग होतं. दोन बोटांनी तोंड दाबून धरून तो एकदा ओळखला गेला, तेवढ्यात सगळी लायसन्सं संगणकावर उतरवून घेतली. तो डोंगल नंतर परत कधीच लागला नाही. आता मी दीड वीत लांबीची एक्स्टेन्शन वायर वापरतो, वाकली तर वायर वाकेल.

स्टाइनबर्गने तर २०२२ मध्ये क्यूबेस १२ या संगीताच्या सॉफ्टवेअरपासून डोंगल सोडून खात्यावरची पद्धत आणली, एका लायसन्सवर तीन संगणक. मोठा सुटकेचा श्वास होता तो.

सायसाखर
अवांतर: अ‍ॅपलवाल्यांनीही लक्ष ठेवा. म्युझिक अ‍ॅपमधल्या खरेदीसाठी ५ संगणकांचीच परवानगी असते. जुना मॅक देताना "डीऑथराइझ" करायला विसरलात तर एक जागा अडून राहते. सगळे एकदम काढायचा पर्याय आहे, पण तो वर्षातून एकदाच.

पारंब्या
डोंगलवरून आठवलं. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरचे डोंगल पॅरलल पोर्टला लागायचे, प्रिंटरची वायर त्याच्या पाठीवर. वडिलांचा अक्षरजुळणीचा व्यवसाय होता, त्या डोंगलवर त्यांनी लाल रंगाने टिंब काढलं होतं. संगणक बदलले, तरी टिंबवाला डोंगल प्रत्येक वेळी नव्याच्या मागे जाऊन बसायचा. मग पॅरलल पोर्ट असलेला मदरबोर्डच मिळेना. यूएसबीतून पॅरलल करणारी वायर आणली, त्यावर प्रिंटर चालला पण डोंगल ओळखलाच नाही. शेवटी मागच्या पट्टीत बसणारं पॅरलल पोर्टचं कार्ड आणलं. कार्ड बसवून त्या सॉफ्टवेअरचा पहिला पडदा उघडला तेव्हा वडील खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले, काही न बोलता.

निळी_शाई
पारंब्या, हे वाचून मी बराच वेळ थांबले. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

आडवाटसरू
सगळं वाचून मला एकच वाटतं. ही सगळी धडपड सॉफ्टवेअर करण्यासाठी नाही, ते माझंच आहे हे पुन्हा पुन्हा सिद्ध करण्यासाठी आहे. लिबरऑफिस, गिंप, इंकस्केप, स्क्रायबस या मुक्त सॉफ्टवेअरना कुठलीच की लागत नाही. नवा संगणक आला, उतरवून घेतलं, काम सुरू. मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्सही लायसन्सच असतं, पण ते वापरणाऱ्याला मोकळं करतं. त्यातल्या जीपीएल या लायसन्सची पहिली आवृत्ती १९८९ ची. निळी_शाई, नवं यंत्र ही वाट बदलायची चांगली संधी आहे.

निळी_शाई
तुमचं म्हणणं मनापासून पटतं आणि पत्रव्यवहारासाठी मी लिबरऑफिस वापरतेही. पण माझ्याकडे एकशे चाळीस पुस्तकांच्या पानमांडणीच्या फाइली आहेत. प्रकाशक पाच वर्षांनी म्हणतात, दुसरी आवृत्ती काढायची, तेवढ्या तीन चुका दुरुस्त करा. त्या फाइली दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडल्या की ओळी सरकतात, जोडाक्षरं तुटतात, आणि तीन चुकांचं काम तीनशे पानं पुन्हा तपासण्याचं होतं.

आडवाटसरू
समजलं. जुन्यासाठी जुनं ठेवा. नवं पुस्तक सुरू कराल तेव्हा एकदा माझं ऐका.

रेषाकार
मी यंत्रभागांची ड्रॉइंग करतो. आमचं लायसन्स एका फाइलीत यायचं आणि त्या फाइलीत नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा स्वतःचा क्रमांक, लिहिलेला असायचा. नव्या लॅपटॉपसाठी मी कंपनीला मॅक पत्ता कळवला, नवी फाइल आली, टाकली, चाललं. दुसऱ्या दिवशी साइटवर गेलो, लॅपटॉप उघडला, तर लायसन्स नाही. दोन तास डोकं धरून बसलो. मी जो पत्ता कळवला होता तो टेबलावरच्या डॉकचा (लॅपटॉपला वायरी जोडायच्या पेटीचा) होता! डॉकमध्ये स्वतःचं नेटवर्क कार्ड असतं, आणि पत्ता काढताना लॅपटॉप डॉकला लावलेला होता. डॉक सोडून निघालो म्हणजे लायसन्स टेबलावर ठेवून निघालो. तेव्हा पत्ता काढताना सगळ्या वायरी काढा, यूएसबीची नेटवर्क वायर असेल तर तीही, आणि अंगच्या कार्डाचा पत्ता घ्या.

अजून एक, ताईंच्या ऑफिसबद्दल. तशा ऑफिसचं लायसन्स एका वेळी एका यंत्रासाठी असतं, पण हलवता येतं. ऑफिस २०१३ आलं तेव्हा ते कायमचं पहिल्याच यंत्राला बांधलं होतं, लोकांनी फार नाराजी कळवली आणि मार्च २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नियम बदलून ९० दिवसांतून एकदा दुसऱ्या यंत्रावर न्यायची परवानगी दिली. ग्राहक बोलले म्हणून नियम बदलला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

केशरी_टोपी
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

व्यवस्थापन
वरच्या प्रतिसादात क्रॅक आणि की-जनरेटरचे दुवे होते, म्हणून काढला. धागाकर्तीने नियमात राहून विचारलंय. शिवाय अशा फाइलींतून येणारं मालवेअर ज्यांनी निस्तरलंय त्यांना वेगळं सांगायला नको. चर्चा चालू ठेवा.

मध्यरात्र
फोनवरून अ‍ॅक्टिव्हेशन कुणाला आठवतंय का? २००१ मध्ये विंडोज एक्सपीसोबत हे प्रकरण घरोघरी आलं. नेट नसेल तर फोन करायचा, पडद्यावरचे ५० आकडे वाचून दाखवायचे, मग पलीकडून ४२ आकडे यायचे. आमच्याकडे फोन बाहेरच्या खोलीत आणि संगणक आतल्या. आई फोनवर, मी आत, मध्ये दारात धाकटा भाऊ उभा. आई आकडा सांगायची, तो ओरडून पोचवायचा. त्याने एका ठिकाणी दोनदा "सात" म्हटलं आणि पुढचं सगळं एका घराने सरकलं. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीला आईने आकडे कागदावर लिहून घेतले आणि स्वतः आत येऊन टाइप केले. आजही तिला ही गोष्ट विचारली की ती भावाकडे बघून "सात, सात" म्हणते आणि सगळे हसतात.

झुळूक
सात, सात! फार गोड.

रुजवात
भाच्याच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही, म्हणून लिहिते. स्वतःच्याच दुसऱ्या यंत्रावर नेणं वेगळं आणि दुसऱ्या माणसाला देणं वेगळं. दुसऱ्याबद्दल जगभर एकमत नाही. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ ला यूझ्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात सांगितलं की कायमस्वरूपी वापरासाठी पैसे घेऊन दिलेली प्रत, डाउनलोड केलेली असली तरी, विकलेली वस्तूच मानायची, म्हणून घेणारा ती पुढे विकू शकतो. पण स्वतःकडची प्रत निरुपयोगी करूनच, आणि अनेक जणांचं एकत्र लायसन्स तोडून तुकड्यांनी नाही. याउलट अमेरिकेत नवव्या सर्किट न्यायालयाने २०१० मध्ये व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क खटल्यात म्हटलं की कंपनीने विकलेलं नाही, फक्त वापरायची परवानगी दिली आहे, तेव्हा पुढे विकायचा हक्क नाही.

तेव्हा ताई, करारपत्रात "हस्तांतर" हा परिच्छेद शोधा. कंटाळवाणं असतं, पण तिथे एका वाक्यात उत्तर मिळतं. फॉन्टचंही तसंच, किती संगणक हे फॉन्टच्या लायसन्समध्ये लिहिलेलं असतं. आणि एकच प्रत तुमच्याकडेही आणि भाच्याकडेही, हे कुठेच चालत नाही.

पारंब्या
माझ्याकडून एक सावधगिरी. जुन्या यंत्रात बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. डिस्क काढून दुसरीकडे लावली की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. लायसन्सची काळजी करता करता फाइलीच कुलूपबंद व्हायच्या.

*पाच दिवसांनी*

निळी_शाई
मंडळी, अहवाल द्यायला आले.

कागद केला, मग एकेक. ऑफिसला वाटलं त्यापेक्षा कमी वेळ लागला. मायक्रोसॉफ्ट खात्यात खरेदी दिसत होती, जुन्यावरून काढलं, नव्यावर तिथूनच उतरवलं, चाललं. पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये मदत मेनूच्या अगदी तळाशी "डीअ‍ॅक्टिव्हेट" होतं. इतक्या वर्षांत मी त्या ओळीकडे कधी बघितलंच नव्हतं. दाबलं, हिरवी खूण आली, नव्यावर सीरियल टाकला, पहिल्या फटक्यात घेतला. लगेच एक जुनं पुस्तक उघडून बघितलं. ओळी जागच्या जागी. फॉन्ट दोन यंत्रांपुरते होते, तरी जुन्यावरून काढून टाकले.

भाषांतराच्या सॉफ्टवेअरला थोडा वेळ लागला. आधी वाक्यांचा साठा टीएमएक्स (भाषांतराच्या साठ्यासाठीच्या) फाइलीत बाहेर काढला आणि दोन ठिकाणी ठेवला, मग लायसन्स परत केलं. हिशोबनीस दादा, तुमची गोष्ट आठवत होती, हात थरथरत होते. पण सुटलं आणि नव्यावर बसलं.

अडलंय ते शब्दकोशावर. तो आता नव्याने अ‍ॅक्टिव्हेट होतच नाही. बनवणारी संस्था बंद झालीय, सर्व्हर उत्तर देत नाही. जुन्यावर मात्र अजून उघडतो. त्यात कृषी आणि बांधकामाच्या जुन्या संज्ञा आहेत ज्या मला दुसरीकडे मिळत नाहीत. भाचा यंत्राची वाट बघतोय आणि मी एका शब्दकोशासाठी ते अडवून बसलेय.

जुना_कीबोर्ड
अर्ध्याहून जास्त जिंकलात की! आता शब्दकोश. काही जुनी सॉफ्टवेअरं यंत्राची ओळख म्हणून फक्त डिस्कच्या विभागाचा सीरियल क्रमांक बघतात. तो क्रमांक फाइल सिस्टीममध्ये लिहिलेला असतो, म्हणून डिस्कच्या पूर्ण प्रतिमेत तो जसाच्या तसा येतो. तुमचा शब्दकोश त्या जातीचा असेल तर आशा आहे.

जुन्या यंत्रावर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्समधलं डिस्क-टू-व्हीएचडी (डिस्कची प्रतिमा एका फाइलीत घेणारं साधन) चालवा. त्यात व्हीएचडीएक्ससमोरची खूण काढून टाका म्हणजे साधी व्हीएचडी फाइल मिळेल. ती बाहेरच्या डिस्कवर घ्या. नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स घालून त्या फाइलीचं आभासी यंत्र (संगणकातला संगणक) करा. जुनं यंत्र यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होत असेल तर सेटिंगमध्ये ईएफआयची खूण करायला विसरू नका, नाहीतर काळा पडदा दिसेल आणि घाबराल. आतलं विंडोज १० अ‍ॅक्टिव्हेशन मागेल. तिथे तुमची कपाटातली की. म्हटलं होतं ना, कामाला येईल.

शंकासुर
म्हणजे शेवटी क्लोनच!

जुना_कीबोर्ड
होय शंकासुर, या एका कामात तुमचं क्लोन बरोबर ठरलं. पण चार लायसन्सं रीतसर सोडवून झाल्यावर.

रुजवात
आणि ती की आभासी यंत्रात गेली म्हणजे जुन्या डेस्कटॉपवर राहणार नाही, हे लक्षात घ्या. रिटेल की एका वेळी एकाच ठिकाणी, आणि आभासी यंत्रही एक ठिकाणच मोजतात.

आडवाटसरू
भाच्यासाठी लिनक्स घाला! नऊ वर्षांचं यंत्र त्यावर मजेत पळेल. मी मदत करतो, पायरी पायरीने लिहून देईन.

जुना_कीबोर्ड
आधी जुन्यावर एसएलएमजीआर स्लॅश यूपीके द्या, म्हणजे तिथली की निघेल. हा आदेश कंपनीच्या सर्व्हरला काही कळवत नाही, फक्त त्या यंत्रावरून की काढतो. तरी क्रम हाच ठेवा. आणि आभासी यंत्राचं अ‍ॅक्टिव्हेशन झालं की त्याचं नेटवर्क बंद करा, सपोर्ट संपलेलं विंडोज आहे ते.

*तीन दिवसांनी*

निळी_शाई
काल रात्री साडेअकराला आभासी यंत्र सुरू झालं. आधी काळा पडदाच आला, मग ईएफआयची खूण आठवली. नव्या लॅपटॉपच्या एका चौकटीत माझा जुना डेस्कटॉप, तोच वॉलपेपर, त्याच कोपऱ्यात तेच चिन्ह. खोक्यावरची पंचवीस अक्षरं भिंग घेऊन टाइप केली, बी आणि आठ यांत एकदा चुकले, दुसऱ्यांदा घेतली. नेटवर्क बंद केलं. शब्दकोशावर दोनदा टिचकी मारली आणि श्वास रोखून बसले.

उघडला. पहिला शब्द "नांगरट" शोधला. आहे.

भाच्याच्या यंत्रावर रविवारी लिनक्स घालायचंय. आडवाटसरू, तुमच्या पायऱ्यांची वाट बघतेय.

आडवाटसरू
आज रात्री वेगळा धागा काढतो.

जुना_कीबोर्ड
ताई, फार आनंद झाला. त्या व्हीएचडी फाइलीची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करून ठेवा. आजच.

निळी_शाई
केली. डिस्कवर लाल टिंब काढलंय.